वर्ख, सोवळे आणि दूध

प्राणिदया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पांजरपोळ उभा राहतो. थकल्या बैलास चारा घालणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु पुण्याच्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेने पत्करलेले काम निराळे असून ते थेट आपल्या देवघरापर्यंत येऊन पोहोचते.

मूळ संस्था म्यूरिएल डाउडिंग या बाईंनी १९५९ साली इंग्लंडात काढली. १९७४ साली डायना रत्नागर यांनी तिची शाखा पुण्यात स्थापिली. येथील काम मुख्यतः चौकशीचे. अमुक जिन्नस कशाचा व कसा होतो याचा छडा लावावयाचा, तो छापून लोकांस कळवावयाचा, आणि सरकारदरबारी अर्ज करीत राहावयाचे. अशा नीरस कामास चिकाटी फार लागते.

मिठाईवरील चांदीचा वर्खच घ्या. बैलाच्या आतड्यांच्या पापुद्र्यांची वही करून तिच्या पानांत चांदीचे तुकडे घालावयाचे व तासन्‌तास हातोड्याने कुटावयाचे, ही त्याची जुनी रीत. तीच बर्फी आपण नैवेद्यास ठेवीत होतो! वर्ख करताना प्राणिज पदार्थ वापरू नये असा नियम अखेर २०१६ साली झाला.

रेशमाची गोष्ट अधिक अवघड. ‘कौशेय’ हा शब्दच ‘कोशा’पासून झालेला, म्हणजे वस्त्र कोठून येते हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. अखंड धागा मिळावा म्हणून आतील किडा वाफेने वा उष्णतेने मारतात. ज्या वस्त्रासाठी इतके जीव गेले ते नेसून आपण शुचिर्भूत होतो, हे मनास पटवावे तरी कसे? धुऊन, कोणाचा स्पर्श न होईल असे वाळविलेले सुती धोतरही सोवळ्यास चालतेच की.

येथवर वाचक माना डोलावतील. दुधापाशी मात्र अडतील, कारण ही मंडळी दूधतूपही वर्ज्य करा म्हणतात. पंचामृतावाचून पूजा कशी व्हावी? तथापि भाकड गाय व गोऱ्हा यांचे पुढे काय होते, हा त्यांचा प्रश्न केवळ परंपरेचे नाव घेऊन उडवून लावता येत नाही. दुभत्याच्या धंद्यात दोहोंसही दाम नाही. माझ्या मते घरोघर याची निदान चर्चा व्हावी. ज्यांचा निश्चय झाला असेल त्यांनी एक ध्यानी ठेवावे: वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने दूध वगळले जात नाही, प्राणिज पदार्थ मुळीच नसलेल्या अन्नासाठी २०२२च्या नियमांनी वेगळे चिन्ह ठरविले आहे.