खांदमळणी

नांदेडात राहून डोंगराची तयारी करणे म्हणजे विहिरीत पोहून समुद्राची तयारी करण्यासारखे आहे, असे माझे एक सहकारी म्हणतात. ते भूगोलाचे प्राध्यापक असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर, गोदावरीच्या काठी पसरलेले हे गाव. चढ म्हणाल तर पुलाचा, नाहीतर महाविद्यालयाच्या जिन्याचा! अशा गावात मराठीचा एक प्राध्यापक वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पहाटे पाचला विष्णुपुरीच्या रस्त्याने पळू लागला, तेव्हा दूधवाल्यापासून विद्यार्थ्यांपर्यंत साऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, कामून पळायलाव?"

खरे कारण मी कुणालाच सांगितले नाही. माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्या आकड्याच्या जवळ जाऊ लागलो तशी माझी झोप उडू लागली होती. सांगण्याजोगे कारण मात्र तयार होते. जुन्या वर्गमित्रांनी पौषात अलंग-मदनला जायचे ठरविले होते आणि मीही भिडेखातर होकार दिला होता.

कळसूबाईच्या रांगेतले अलंग, मदन आणि कुलंग हे तीन शेजारी किल्ले सह्याद्रीतल्या अवघड किल्ल्यांत मोडतात. अलंग आणि मदन यांच्या वाटेवरच्या पायऱ्या तुटलेल्या असल्यामुळे काही ठिकाणी उभा कातळ दोराच्या आधाराने चढावा लागतो. म्हणजे दिवसभर डोंगर तुडवायला दम हवा आणि कातळावर हातापायांची पकडही हवी. इंग्लंडात डोंगरांवरून धावण्याचा एक स्वतंत्र खेळच आहे. तिथल्या केझिक गावच्या बॉब ग्रॅहॅम नावाच्या गृहस्थाने १९३२ साली चोवीस तासांच्या आत बेचाळीस डोंगरमाथे पायांखाली घातले. हे वाचल्यावर मला दोन किल्ले अगदीच किरकोळ वाटू लागले. अज्ञानात असे धैर्य फार असते.

मी जूनमध्ये सुरुवात केली. रोज पहाटे धावणे, संध्याकाळी दाराच्या चौकटीवर बसविलेल्या लोखंडी दांड्याला लोंबकळणे, रविवारी वडेपुरीला जाऊन रत्नेश्वरीच्या पायऱ्या चढणे-उतरणे. लातूर जिल्ह्यात उदगीरजवळच्या आमच्या गावी गेलो की हत्तीबेटाची टेकडी. सुट्टी म्हणून नाही. एखादा दिवस चुकला की वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे येई आणि दुसऱ्या दिवशी मी दुप्पट पळे.

ऑगस्टात डाव्या टाचेच्या मागे दुखू लागले. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावले भिंतीला धरून टाकावी लागत. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, लंगडताय का?"

"छे! बूट नवा आहे," मी म्हणालो.

बूट तीन महिन्यांचा जुना होता, हे त्यांनाही ठाऊक होते. वर्गात मी टेबलाला टेकून शिकवू लागलो. विद्यार्थ्यांना वाटले, सर चिंतनात आहेत.

पोळ्यासाठी गावी गेलो. आदल्या संध्याकाळी गोठ्यात दादा बैलांची खांदमळणी करीत होता. ऊन पाण्याने खांदे शेकून तो हळद आणि लोणी चोळत होता. वर्षभर जू वाहून राठ झालेल्या त्या जागेवर त्याचा हात इतका हळुवार फिरत होता, की बैलाने डोळे मिटून घेतले होते. मी लंगडत जवळ गेलो. दादाने माझ्या पायाकडे पाहिले.

"आरं, वर्षभर वढलंय त्यानं. उद्या त्येच्या मानेवर जू ठिवायचं न्हाई. बैलाला बी सुट्टी हाय, अन् तुला न्हाई?"

मी काही बोललो नाही. दादानेच आवाज खाली आणून विचारले, "आप्पाची आठवण येतीय का तुला?"

त्या रात्री पहिल्यांदा मी कुणापाशी तरी खरे कारण बोललो. आप्पांनी शेवटच्या वर्षापर्यंत एक दिवस अंग टाकले नव्हते, हे दादाने मला आठवून दिले.

नांदेडला परतल्यावर मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो. हृदयाची तपासणी करून घेतली. ती ठीक निघाली. पायाबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला आधी कळायला हवे होते. व्यायामाने शरीर थकते. ते बळकट होते व्यायामानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. उतारावरून धावताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखतात. स्नायू त्यातून लवकर सावरतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा फार सावकाश तयार होते. दम दोन महिन्यांत वाढतो, कंडरा मागे राहते आणि मग टाच बोलू लागते. बोटांच्या कंडरांचेही तसेच, म्हणून रोज लोंबकळणेही बंद.

मग औषध मिळाले ते असे: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा वेळा, तीन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. पुढे नवे वेळापत्रक बसले. मंगळवारी पुलाच्या चढावर धाव, गुरुवारी हातांचा व्यायाम, शनिवारी पायऱ्या, सोमवार पूर्ण मोकळा. दर चौथ्या आठवड्यात सारे निम्मे. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजायची. ती नेहमीपेक्षा बरीच जलद असली तर त्या दिवशी धावायचे नाही.

सोमवारी घरी बसणे मला पुलाच्या चढापेक्षा जड गेले. त्या दिवसांत मी आपल्याच मराठवाड्यातल्या रफीक शेख यांची हकीकत पुन्हा वाचली. औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, इथल्या पोलीस दलातला हा शिपाई एव्हरेस्टला निघाला. २०१४ मध्ये हिमप्रपात आडवा आला, २०१५ मध्ये नेपाळचा भूकंप. दोन्ही वेळा शिखर न गाठता परतावे लागले. २०१६ च्या मे महिन्यात ते माथ्यावर पोहोचले. पूर्वी मी त्यात फक्त जिद्द वाचली होती. आता त्या दोन परतीच्या वाटा दिसल्या.

पौषात आम्ही अलंग चढलो. कातळावर पोटात गोळा आला, पण बोटांनी दगा दिला नाही. रात्र गडावरच्या गुहेत काढली. सकाळी उतरून मदनच्या खिंडीत आलो, तेव्हा टाचेने ओळखीची कळ दिली. मित्र म्हणाले, "अरे, एवढ्याशासाठी काय थांबतोस?" मी पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि मंडळी मदनवर जाऊन येईपर्यंत दगडावर बसून राहिलो. वर त्यांचे आवाज येत होते. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

या पौषात पुन्हा जायचे ठरले आहे. या वर्षी मला अठ्ठेचाळिसावे लागले. दर रविवारी रात्री दादाचा फोन येतो. पीकपाण्याचे बोलून झाले की तो विचारतो, "उद्या सोमवार हाय. झोपतूस ना?"

झोपतो.