सावलीचे शीड आणि वळवाचा वारा

एप्रिल उजाडला की आपल्या ख्रिस्तमंदिरांच्या आवारात सावलीची चणचण भासू लागते. लहान मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचे समारंभ, लग्ने, मे महिन्यातील पवित्र मरियामातेची जपमाळ, क्वचित गावचे फेस्तही, हे सारे ऐन उन्हाळ्यात येते. पूर्वी अशा वेळी बांबू रोवून माडाच्या झावळ्यांचा मांडव घालीत. झावळ्यांच्या फटींतून पुष्कळसा वारा निघून जाई. चार झावळ्या उडाल्या तरी मांडव जागच्या जागी राही. हल्ली मात्र जाळीचे किंवा जाड कापडाचे त्रिकोणी अथवा चौकोनी छत कोपऱ्यांवर ताणून बांधण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्याला इंग्रजी नाव ‘शेड सेल’, म्हणजे सावलीचे शीड. हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण आपण ते छत म्हणून बांधले तरी वारा त्याला शीडच समजतो.

गोव्याच्या किनाऱ्यावर असो वा बेळगावच्या पठारावर, वळवाचा पाऊस काही निरोप पाठवून येत नाही. सकाळी आकाश निरभ्र असते, दुपारी पान हलत नाही, आणि सायंकाळी काळा ढग चढताच धुळीचा लोट घेऊन वारा सुटतो. तो किती जोर करतो, याचा हिशेब आपणांस करता येण्याजोगा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ६ किलोचा दाब देतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सुमारे २४ किलोचा. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असे छत घेतले, तर हा जोर सुमारे ६०० किलो भरेल. छताच्या आकाराप्रमाणे व वाऱ्याच्या दिशेप्रमाणे तो कमीअधिक होईल. पण जे कापड दोन माणसे सहज उचलतात, त्यावर एवढे ओझे येऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

शिवाय हे ओझे नेहमी खालीच येते असे नाही. बहुतेक मांडव कोसळण्यापूर्वी वर उचलले जातात. म्हणून खांब भार पेलील की नाही एवढेच पाहून भागत नाही; तो जमिनीतून उपटला जाईल काय, हेही पाहावयास हवे. ज्या मांडवाची पाठीमागची बाजू पडद्याने बंद आणि पुढची बाजू मोकळी असते, त्याला धोका विशेष. वारा आत शिरतो, बाहेर पडावयास वाट मिळत नाही, आणि तो छतालाच वर ढकलू लागतो. वारा सुटताच असे पडदे सोडून द्यावेत.

छत बांधताना ते ताटासारखे सपाट ताणण्याचा मोह होतो. परंतु कपडे वाळत घालण्याची दोरी आठवून पाहा. ती अगदी आडवी ताणून मध्ये पाण्याची बादली अडकविली, तर भिंतीचे खिळे उपटून येतात. थोडा झोळ असला तर तेच खिळे टिकतात. सपाट छत आपल्या कोपऱ्यांना असेच ओढते. उलट, ढिले ठेवले तर ते फडफडून शिवण उसवते व दोर झिजवते. यास्तव जाणकार कारागीर समोरासमोरचे दोन कोपरे उंच व दोन खाली ठेवून छताला पीळ देतात आणि मग ते चांगले ताणतात. असे छत फडफडत नाही आणि त्यावर पाणीही साचत नाही. साचलेले पाणी हलके नसते. एक इंचभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो वजन.

आता बांधावे कशाला? खिडकीच्या गजाला, पन्हळीला किंवा गच्चीच्या जुन्या कठड्याला कदापि बांधू नये. माडालाही नको, तो वाऱ्यात डोलतो आणि प्रत्येक हेलकाव्याला दोरास हिसका देतो. कायमचे छत असेल, तर पोलादी खांब, त्यांचे काँक्रीटचे पाय आणि भिंतीतील कड्या या साऱ्यांचे मोजमाप अभियंत्याकडूनच करून घ्यावे. चार दिवसांच्या मांडवासाठी खुंट मांडवापासून बाहेरच्या अंगाला कलते ठेवून खोल ठोकावेत. वाळूत किंवा पावसाने भिजलेल्या मातीत खुंटाचा भरवसा धरू नये. तेथे दोनशे लिटरचे पिंप पाण्याने भरून घट्ट बांधले, तर सुमारे २०० किलोचे वजन मिळते. दोर, गाठी आणि शिवण रोज सकाळी एकदा हाताने तपासावीत.

याहून मोठा विषय विजेचा आहे. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील जसोल येथे २३ जून २०१९ रोजी धार्मिक कथा चालू असताना वादळाने मांडव उखडला आणि किमान १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील काहींचा जीव विजेच्या धक्क्याने गेला. देवाचे नाव घ्यावयास बसलेली ती माणसे होती. म्हणून विजेच्या तारा लोखंडी खांबांना गुंडाळू नयेत. मुख्य खटका कोठे आहे हे चार जणांस ठाऊक असावे. आणि वारा सुटताच तो प्रथम बंद करावा.

सारी बांधणी निर्दोष असली, तरी सर्वांत खात्रीचा उपाय एकच. वादळापूर्वी शीड उतरविणे. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. आज हवामान खाते पिवळा, नारिंगी व तांबडा अशा रंगांनी इशारे देते. गडगडाटी वादळाची सूचना पुढील तीन तासांसाठीही प्रसिद्ध करते. तेव्हा प्रत्येक समारंभासाठी एक जबाबदार गृहस्थ नेमावा. त्याने इशारे पाहावेत, आकाश पाहावे, आणि ‘उठा, शाळेच्या इमारतीत चला’ असे त्याने म्हणताच यजमानांपासून धर्मगुरूंपर्यंत सर्वांनी उठावे. छत सोडण्यास वेळ नसेल, तर छत गेले तरी चालेल. त्याखाली माणूस राहता कामा नये.

हे बोलणे सोपे, करणे कठीण. पाहुणे जमलेले असतात, जेवणाची पाने मांडलेली असतात, आणि ‘एवढ्याशा वाऱ्याला काय भ्यावयाचे?’ असे म्हणणारा कोणीतरी वडीलधारा असतोच. येथे संत पौलाची आठवण होते. करिंथ शहरी तो तंबू करण्याच्या व्यवसायावर उदरनिर्वाह करीत असे, हे आपणांस ठाऊक आहे. पुढे रोमला कैदी म्हणून जाताना, हा प्रवास आता पुढे नेऊ नका, असे त्याने बजाविले. परंतु शताधिपतीने तारवाच्या मालकाचे व सुकाणूवाल्याचे ऐकले. वादळाने तारू फुटले. परमेश्वराच्या कृपेने त्यावरील २७६ माणसे माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागली. तारू मात्र परत आले नाही.

येत्या फेस्ताच्या तयारीला बसाल, तेव्हा जेवणाच्या व वाजंत्रीच्या यादीत आणखी एक नाव लिहून ठेवा. शीड केव्हा उतरवावयाचे, हे सांगणाऱ्याचे. आणि त्या दिवशी त्याचे ऐका.