लगाम कोणत्या यंत्राकडे?

1982 साली चरणजित सिंग हे नाव सामान्य श्रोत्याला ठाऊक नव्हतं, त्यांचं वाजवणं मात्र घराघरांत पोचलेलं होतं. मुंबईच्या स्टुडिओंमधून हिंदी चित्रपटगीतांना साथ करणारे ते वादक. त्या वर्षी त्यांनी एचएमव्हीसाठी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि तबल्याला सुट्टी! कारभार सगळा रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांकडे: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि टीआर-808 हे तालयंत्र.

रेकॉर्ड चालली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि 2010 मध्ये नव्याने निघाली, तेव्हा युरोपातले रसिक चक्रावले. शिकागोत 1987 च्या सुमारास गाजलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताचा कणा म्हणजे हाच टीबी-303, आणि मुंबईत तो पाच वर्षं आधीच भैरव वाजवत होता. या छोट्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते, यात नवल नाही.

पण तीन यंत्रं एकाच लयीत धावायची कशी? तालयंत्र आणि बेसयंत्र यांच्यामध्ये एक ‘सिंक’ केबल लागते. तीतून दर मात्रेला 24 ठोके जातात आणि बेसयंत्र ते मोजत चालतं. ज्युपिटरलाही बाहेरून ठोके घेण्याची जागा आहे. प्रत्येक ठोक्यासरशी त्याचा अर्पेजिएटर सुरावटीतला पुढचा स्वर काढतो. एकूण काय, लय धरणारं यंत्र एकच, बाकीची त्याच्यामागून.

अडचण एवढीच की त्या काळी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. ती भिंत पाडली ‘मिडी’ या सामायिक भाषेने. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने जानेवारी 1983 मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात एका केबलने जोडून दाखवले गेले. पाच पिनांची ती केबल आजही तशीच चालते. एका केबलमधून 16 वाहिन्या जातात, म्हणजे सोळा वेगवेगळ्या आवाजांना स्वतंत्र हुकूम देता येतात. मात्र तीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. आवाजासाठी प्रत्येक यंत्राची वेगळी वायर मिक्सरपर्यंत न्यावीच लागते. नवखे इथे हमखास फसतात.

1988 मध्ये कोर्गचा एम-1 आला आणि ‘वर्कस्टेशन’ हा शब्द रुळला. आवाज, ताल, इफेक्ट आणि वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणारा आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर, सगळं एकाच कीबोर्डात. मग बाकीच्या यंत्रांची गरज काय? गरज असते, कारण वर्कस्टेशन सगळी कामं नेटकी करतं, पण जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या घट्ट बेसची सर त्याला येत नाही. त्याचा खरा उपयोग कारभारी म्हणून. सिक्वेन्सर त्याचा, घड्याळ त्याचं. बाकीच्या यंत्रांना सेटिंगमध्ये बाहेरचं घड्याळ पाळायला सांगायचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोन यंत्रं आपापली लय धरून बसली, तर चार-आठ आवर्तनांतच ताल फाटतो.

आणखी एक बारीक खोड. वर्कस्टेशनवर पट्टी दाबली की कधीकधी तोच स्वर दुहेरी, जरा धातूसारखा वाजतो. पट्टीने आवाज एकदा थेट काढलेला असतो आणि बाहेरच्या सिक्वेन्सरमधून फिरून आलेला निरोप तोच पुन्हा काढतो. ‘लोकल कंट्रोल’ बंद केला की खोड जाते. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने कित्येक कीबोर्ड विनाकारण दुरुस्तीला जातात.

बेडसे, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात असा संच मांडणाऱ्याला वेगळाच शत्रू भेटतो: मावळातला पाऊस. जून ते सप्टेंबर दमट हवेने स्लायडर खरखरतात, जॅक गंजतात. वापर नसताना यंत्र झाकून ठेवावं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि पावसाळ्यातही अधूनमधून चालू करावं. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर आधी अर्थिंग तपासावं. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवली तर बहुतेक वेळा ती गुणगुण थांबते. एम-1 सारख्या जुन्या यंत्रात नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की साठवलेले सगळे पॅच जातात, म्हणून जुनं यंत्र विकत घेताना ती शेवटची कधी बदलली ते विचारावं.

नवं यंत्र घेतानाही आधी त्याची मागची बाजू बघावी. आजच्या अनेक स्वस्त कीबोर्डांना पाच पिनांचं भोक नसतं, फक्त संगणकाला जोडायचं यूएसबी असतं. असे दोन कीबोर्ड एकमेकांना थेट जोडता येत नाहीत. मध्ये संगणक किंवा वेगळा यूएसबी होस्ट लागतो, आणि त्याचा खर्च दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.