लिहिणे थांबले म्हणजे आटले असे नाही

जून उजाडला की मालवणच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौका वर ओढून ठेवलेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचा काळ आणि त्यात समुद्र खवळलेला. या दिवसांत फाटकी जाळी सांधली जातात, इंजिनांची डागडुजी होते. त्याला कोणी आळस म्हणत नाही.

नेमाने लिहिणाऱ्या माणसाचा हात मात्र दोन महिने थांबला, की तो स्वतःलाच बोल लावू लागतो. ‘आता काही सुचायचे नाही,’ ही धास्ती घेते. अशा वेळी शेजारच्या देवगड तालुक्यातील धालवलीत जन्मलेल्या विंदा करंदीकरांची आठवण ठेवावी. ‘जातक’ १९६८चा, पुढचा कवितासंग्रह ‘विरूपिका’ १९८१चा. मधल्या काळात त्यांनी ‘किंग लिअर’चा अनुवाद केला. त्यानंतर ‘अष्टदर्शने’ आले ते थेट २००३ मध्ये, त्यांच्या वयाची ८४ वर्षे उलटल्यावर. कवितासंग्रहांत २२ वर्षांचे अंतर पडले म्हणून कवी संपला नव्हता.

विज्ञान याबद्दल काय सांगते? सिओ आणि ऑर्मेरॉड या संशोधकांनी २००९ मध्ये ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अडलेला प्रश्न काही वेळ बाजूला ठेवल्याने तो सुटायला मदत होते, आणि आधी त्यावर जास्त काम केलेले असेल तर फायदाही जास्त, असे त्यात दिसले. हे प्रयोग छोट्या विश्रांतीचे होते. महिन्यांच्या खंडाला तोच हिशेब लागू होईल असे नाही. पण थांबणे म्हणजे वाया घालवणे नव्हे, एवढे त्यातून कळते.

उमेद जाण्याचे एक कारण वेगळेच असते. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोडी सोडवणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पैसे दिले आणि नंतर ते बंद केले. मग मोकळ्या वेळात कोड्यांकडे वळण्याची त्यांची ओढ कमी झाली. आवडीच्या कामाला वरून बक्षीस जोडले, की मूळ गोडी उणावू शकते. रोजच्या लिखाणाचे मोल फक्त लाइक्सच्या आकड्यांवर ठरू लागले, तर असेच काहीसे होऊ शकते.

मात्र प्रत्येक थांबा विश्रांतीचा नसतो. फक्त लिहिण्याचा कंटाळा आला असेल आणि जेवण, गप्पा, किनाऱ्यावरची फेरी यांत मन रमत असेल, तर बहुधा काळजी नको. पण कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, सतत थकवा आहे, मन लागत नाही, आणि हे जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक काळ चालू आहे, तर ते नैराश्य असू शकते. तिथे ‘जरा सुट्टी घे’ हा सल्ला पुरत नाही. डॉक्टरांना भेटावे किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये.

विश्रांतीच घ्यायची असेल, तर तिला बंदीच्या काळासारखी तारीख ठरवून द्यावी. तोवर वाचावे, फिरावे, जुनी टिपणे चाळावीत. तारीख आली की रोज १५ मिनिटे बसावे आणि आठवडाभर ते कोणाला दाखवू नये. उमेदीची वाट पाहत बसण्यापेक्षा थोडे काम सुरू केलेले बरे. पुष्कळदा उमेद मागून येते.