भाचा मामावर का जातो?

पोर चालू-बोलू लागले की आजी म्हणते, "हा अगदी मामावर गेला हो!" आपण हे गमतीने म्हणतो. पण काही गोष्टी खरोखरच मामात असतात आणि भाच्यात दिसतात. मामा मात्र त्या देत नाही. देते ती आई, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. हे कसे होते ते पाहू.

आपल्या शरीरातल्या पेशींत धाग्यासारखी बारीक गुणसूत्रे असतात. ती 46, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक बापाचे. बाईच्या शेवटच्या जोडीत दोन्ही सारखी असतात. त्यांना एक्स म्हणतात. पुरुषाच्या जोडीत एक एक्स आणि एक आखूड वाय. आई प्रत्येक लेकराला एक्सच देते. बाप मुलीला एक्स देतो, मुलाला वाय. म्हणून मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून ठरते. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता एखाद्या एक्सवर दोष असला तर? बाईजवळ दुसरा चांगला एक्स असतो. घरात दोन कंदील असले, तर एक विझला तरी उजेड राहतो. पुरुषाजवळ कंदील एकच. तो विझला की अंधार.

समजा, तारापूरकडच्या एका आजीच्या एका एक्सवर दोष आहे. तिच्या प्रत्येक लेकरामागे छापा-काटा होतो. चार मुलगे असले तर दोघांनाच दोष येईल असे नाही. चौघांनाही येईल, किंवा एकालाही येणार नाही. तिच्या एका मुलात तो आला. मुलीतही आला, पण ती धडधाकट दिसते. लग्न होऊन ती पालघरला गेली. तिच्या मुलात तोच दोष दिसला. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. बाधा कसली? आजीचा एक्स नातवापर्यंत पोचला, इतकेच. मामाच्या मुलग्यांना मात्र बापाकडून वाय मिळतो, म्हणून त्याचा दोष त्यांच्यात जात नाही. त्याच्या मुली सगळ्याच तो एक्स घेऊन सासरी जातात.

अशा दोषांपैकी एक म्हणजे रंगांधळेपणा. मिरचीच्या झाडावर लाल कुठली, हिरवी कुठली, हे काही पुरुषांना नीट कळत नाही. त्याने जिवाला धोका नाही. पण आगगाडी चालवणाऱ्याला सिग्नल ओळखावा लागतो, म्हणून रेल्वेत आधी डोळे तपासतात. दुसरा हिमोफिलिया. त्यात जखमेचे रक्त लवकर थांबत नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडून तो तिच्या मुलात आला. हा राजपुत्र लिओपोल्ड 1884 साली पडण्याचे निमित्त होऊन वारला. राणीच्या नातीकडून तो रशियाच्या राजघराण्यातही गेला. राजवाड्यालाही हा हिशोब चुकला नाही.

आपल्या कामाचा आहे तो तिसरा दोष. त्याचे नाव जी-सिक्स-पी-डीची कमतरता. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांतही तो आढळतो. एरवी माणूस ठणठणीत असतो. पण पावसाळ्यात आपल्याकडे हिवताप येतो. त्याच्या एका जातीचे जंतू यकृतात लपून बसतात. त्यांना मारायला प्रायमाक्वीनच्या गोळ्या 14 दिवस देतात. बहुतेकांना त्या सोसतात. ही कमतरता असलेल्याच्या तांबड्या रक्तपेशी मात्र फुटू लागतात. याचे कारण अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना 1956 साली सापडले. कपड्यांत ठेवतात त्या डांबरगोळ्यांनीही असे होऊ शकते. लहान मुलांच्या कपड्यांत त्या ठेवू नयेत.

सिकलसेलचा हिशोब वेगळा आहे. तो आजार आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तरच होतो. दोहोंची गल्लत करू नये.

भिऊन हिवतापाच्या गोळ्या टाकून देऊ नयेत. टाकल्या तर ताप परत येतो. आशाताईने गोळ्या दिल्या की लघवीकडे लक्ष ठेवावे. ती काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, दम लागू लागला, तर गोळी थांबवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. ही कमतरता आहे की नाही, हे रक्त तपासून कळते. डॉक्टर घरच्यांची माहिती विचारतात तेव्हा आपण बापाच्या घराण्याचे सांगतो. तिथे आईच्या भावाचेही सांगावे: "याच्या मामालाही गोळ्यांनी असेच झाले होते."