तळहातावरचा साहेब

मिनिएचर म्हटलं की आपल्याला ‘मिनी’ आठवतं. पण हा शब्द आकारावरून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला तांबडा रंग. आपण मारुतीला लावतो तो शेंदूरच म्हणा. हस्तलिखितांतली मोठी अक्षरं या रंगाने रंगवणाऱ्यांची ही विद्या. पुढे ती पोथीतून सुटली आणि तळहाताएवढ्या व्यक्तिचित्रांच्या रूपात इंग्रज उमरावांच्या खिशात जाऊन बसली.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात निकोलस हिलियर्ड चर्मपत्राचा तुकडा खेळायच्या पत्त्याला चिकटवून त्यावर चित्र काढी. रंग डिंकाच्या पाण्यात कालवलेले, कुंचला खारीच्या केसांचा. सव्वाशे वर्षं हीच रीत चालली. मग खालची पाटीच बदलली.

व्हेनिसमध्ये रोझाल्बा कारिएरा तपकिरीच्या डब्यांसाठी हस्तिदंतावर रंगवत होती. लंडनच्या बर्नार्ड लेन्सने १७०७ मध्ये डॉ. हॅरिस या धर्मगुरूचं चित्र हस्तिदंतावर काढलं. ब्रिटनमधलं या जातीचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र ते हेच. हस्तिदंत दिसायला देखणा, पण रंगवायला महाखट. अंगचाच तेलकट, त्यामुळे पाण्याचा रंग धरत नाही. एका थरावर दुसरा ओला हात फिरवला की खालचा सुटून येतो. म्हणून चित्रकाराने टिंब टिंब आणि बारीक रेघा मारत पुढे सरकायचं. बदल्यात मिळते ती त्वचा: चेहऱ्यावर पातळ रंग दिला की खालचा दात आतून उजळतो.

लेन्सने हा उजेड निम्माच वापरला, असं मला वाटतं. चेहरा पारदर्शक ठेवला, पण कोट आणि पार्श्वभूमी जाड, अपारदर्शक रंगाने भरून टाकली. जणू अजून चर्मपत्रावरच काम चाललंय. त्याचे साहेब जरा ताठच दिसतात. दोन जॉर्ज राजांचा हा दरबारी लघुचित्रकार. लेखक होरेस वॉलपोलही लहानपणी त्याच्याकडे चित्रकला शिकला. हस्तिदंताचा खरा उजेड बाहेर काढला तो शतकाच्या उत्तरार्धातल्या रिचर्ड कॉसवेसारख्यांनी.

अशा चित्रातला गृहस्थ कोण हे पुष्कळदा कळत नाही. तेव्हा आधी केसांचा टोप पाहावा. अॅन राणीच्या काळातला (१७०२–१४) टोप खांद्यांवरून छातीपर्यंत ओघळतो, आणि चेहरा त्यात नारळाच्या शेंड्यांतून डोकावावा तसा दिसतो. १७३० च्या सुमारास टोप आखूड होतो, मागे बांधला जातो. गळ्याला पांढरं तलम कापड, मखमली कोट. चेहरा अनेकदा पांढराफटक असतो, पण त्याला आजारी समजू नये. गालावरचा लाल रंग उजेडाने उडालेला असतो. म्हणूनच संग्रहालयांत ही चित्रं मंद प्रकाशात ठेवतात. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की पातळ हस्तिदंत वाकतो आणि तडकतो, तो त्रास वेगळाच.

ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंतविरोधी कायदा ६ जून २०२२ पासून लागू झाला. १९१८ पूर्वीच्या आणि ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या व्यक्ती-लघुचित्रांना त्यातून सवलत आहे. सरकारदरबारी नोंद केली की हे साहेब आजही विकता येतात.