रोवणीनंतरची अंगदुखी आणि मालिशयंत्र

भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या भगिनी कंबर व पोटऱ्यांच्या दुखण्याने आमच्या रुग्णालयात येतात. तपासणीअंती आवश्यक वाटल्यास भौतिकोपचार विभागात त्यांच्यासाठी हातात धरावयाचे, जलद ठोके देणारे मालिशयंत्र वापरण्यात येते.

अतिश्रमाचे दुखणे १ ते ३ दिवस अधिक जाणवते व पुढे ओसरते. ठोक्यांमुळे स्नायूंचा ताठरपणा व वेदना काही काळ कमी होतात. मूळ भरपाई मात्र विश्रांतीनेच होते. एका स्नायूवर १ ते २ मिनिटे, हलक्या दाबाने यंत्र फिरवावे. मणका, हाडे, मानेचा पुढील भाग तसेच गरोदर स्त्रीच्या पोटावर ते लावू नये.

एकाच पोटरीस सूज व उष्णता असल्यास आत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे मालिश जिवावर बेतू शकते. विदर्भात सिकलसेलचे रुग्णही आढळतात. त्यांच्या तीव्र वेदना श्रमाच्या समजून घरी थांबू नये.

यास्तव यंत्राइतकाच प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञही आवश्यक आहे, हे आम्ही दात्यांच्या नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.